भुशाची कांडी आणि पाचटाचा हिशेब



मुंबईहून वसईची खाडी ओलांडली की नायगाव लागते. अशा शहरालगतच्या भागात इमारती, फर्निचर व पेट्यांसाठी लाकूड कापले जाते. करवत चालली की भुसा आलाच. तो पावसात कुजतो, आग लागली तर दिवसेंदिवस धुमसतो. याच भुशाची पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी करतात; तिला पेलेट म्हणतात.

कृती अशी :

१) भुसा चाळून खिळे, माती, दगड काढणे व तो बारीक करणे.

२) वाळवणे. ओल्या लाकडाच्या भुशात निम्मे पाणी असते. ते १० टक्क्यांवर आणावे लागते. म्हणजे १,००० किलो ओल्या भुशाचे सुमारे ५५५ किलो पेलेट होतात. बाकीचे ४४५ किलो पाणी उडवायलाच खरा खर्च येतो.

३) भोकांच्या लोखंडी साच्यातून दाबणे. दाबाने व उष्णतेने लाकडातले लिग्निन मऊ होऊन डिंकासारखे काम करते. वेगळा डिंक लागत नाही.

४) कांड्या थंड करून कोरड्या जागी साठवणे. पाणी लागले की पुन्हा भुसा!

आता आपला विषय. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर पेलेट जाळणे बंधनकारक केले. तेव्हा उद्या पाचटाला गिऱ्हाईक बांधावर आले तर नवल नको. पण पाचट म्हणजे लाकडाचा भुसा नव्हे. त्यात राख बरीच जास्त. पालाश व क्लोरीनही जास्त असल्याने राख वितळून भट्टीत चिकटते. त्यामुळे भाव देताना गिऱ्हाईक हात आखडणारच.

उलट शेताला त्याची किंमत मोठी. पाचटात साधारण अर्धा टक्का नत्र असते. एकरी ३ टन धरले तर १५ किलो नत्र झाले. ते एकदम नव्हे, कुजेल तसतसे मिळते. शिवाय पालाश व सेंद्रिय कर्ब मिळतो, ओल टिकते, तण दबते. विकलेले पाचट परत येत नाही.

म्हणून भाव ऐकला की लगेच हो म्हणू नका. आधी गोळा करण्याची मजुरी, गठ्ठे व वाहतूक कोणाकडे, ते विचारा. मग खताची किंमत वजा करा. खोडवा ठेवणार असाल तर पाचट सरीतच ठेवावे, हे उत्तम.

वखारीतल्या भुशाला शेत नाही. त्याची कांडी जरूर व्हावी. आपल्या पाचटाला शेत आहे. विकायचे की ठेवायचे ते हिशेबाने ठरवा, पण काडी मात्र लावू नका.