मोठ्या कादंबऱ्यांना वेळ दे

दिग्रस

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सातशे-आठशे पानांच्या कादंबऱ्या आज कशाला वाचायच्या, असं तू विचारलंस. माणूस हळूहळू कसा घडतो आणि कसा बिघडतो, हे दाखवायला त्यांना एवढी पानं लागतात. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधला (१८७१-७२) डॉक्टर लिडगेट हुशार आणि ध्येयवादी आहे. लग्नाच्या वेळी तो ऐपतीबाहेरचं सामान उधारीवर घेतो, कर्ज वाढत जातं, आणि शेवटी नको त्या माणसाचे पैसे घेऊन तो आपलं नाव घालवून बसतो. सारांशात तो मूर्ख वाटेल. पूर्ण कादंबरीत मात्र त्याची प्रत्येक तडजोड त्या-त्या वेळी आपल्यालाही पटते. कर्जात बुडालेल्या माणसाला चटकन दोष देण्याची सवय अशा वाचनाने सुटते, आणि आपल्या कापूसपट्ट्यात या समजुतीची फार गरज आहे.

तो समाज परका आहे, हा तुझा पहिला आक्षेप. पण डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’मध्ये (१८५२-५३) वारशाचा दावा वर्षानुवर्षं चालतो आणि खर्चातच सगळी इस्टेट संपते. वाटणीच्या दाव्यांत दोन-दोन पिढ्या खपलेल्या घरांना हे परकं कसं वाटेल? हरिभाऊ आपट्यांनाही इंग्रजी कादंबऱ्या परक्या वाटल्या नाहीत. त्या वाचलेल्या या लेखकाने १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली. या कादंबरीची नायिका यमू हिला आपण लहानपणापासून ओळखत आलेलो असतो, म्हणून वैधव्यानंतर तिच्यावर लादलेलं केशवपन इतकं असह्य होतं. तीच गोष्ट दोन पानांत सांगितली असती तर हळहळून आपण पुढे गेलो असतो.

वेळ नाही, हा दुसरा आक्षेप खरा आहे. पण या कादंबऱ्यांचे पहिले वाचकही फुरसतीचे नव्हते. ‘ब्लीक हाऊस’ त्यांनी महिन्याला एक भाग अशी वाचली. काही पानं रटाळ असतात, हेही मान्य. ती भरभर वाच, पण पुस्तक सोडू नकोस.

आधी हरिभाऊंची यमू वाच, मग ‘ब्लीक हाऊस’ घे. रोज वीस पानं पुरेत. वाचून झाल्यावर लिडगेटकडे वळ, आणि त्याचं कुठे चुकलं ते मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा