घरची वार्ता आणि हजेरीपट

पंढरपूर तालुक्यात दिवाळीची सुटी संपते न संपते तोच कार्तिकी एकादशी येते, आणि उसाचा गळीत हंगामही सुरू होतो. या दिवसांत मुलांच्या घरी पुष्कळ घडत असते. कोणाकडे वारकरी उतरलेले असतात, कोणाकडे पाळणा हललेला असतो, तर कोणाचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीस गेलेले असतात.

परिपाठानंतर रोज दोन मुलांनी घरची वा वस्तीवरची एकेक बातमी सांगावी व वरच्या इयत्तेतील मुलाने ती फळ्यावर लिहावी. यात भाषाशिक्षण सहज साधते. परंतु खरा लाभ निराळा आहे. ‘आमच्या शेजारच्या फडात टोळी आली, तिच्यात दोन मुले आहेत,’ ही बातमी प्रथम मुलेच आणतात. ती ऐकून शिक्षकाने त्याच सायंकाळी कोप्यांवर जावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला, एवढ्या कारणाने प्रवेश अडविता येत नाही.

घरचे कर्ज, आजार वा कलह मात्र फळ्यावर येऊ नये. तो शिक्षकाच्या मनातच राहावा.

संक्रांतीस शाळेत तिळगूळ वाटला जाईल, तेव्हा त्या दोन मुलांची नावे हजेरीपटावर असावीत.