हिवाळ्यात कोंबड्यांना कृत्रिम प्रकाश

डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरात सूर्य सकाळी सातनंतर उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मावळतो. दिवस जेमतेम १० तास २० मिनिटांचा असतो. जूनमध्ये तोच जवळजवळ १४ तासांचा होतो. पुण्यात मात्र वर्षातील सर्वांत लहान दिवसही ११ तासांचा भरतो. महाराष्ट्रातून उत्तरेकडे गेलेल्या कोंबडीपालकाला हा फरक प्रथम अंड्यांच्या टोपलीत जाणवतो.

अंडी कमी झाली की दोष थंडीला दिला जातो. खाद्य वाढवले जाते आणि तरीही अंडी मिळाली नाहीत, तर चांगली कोंबडीही निकामी समजून विकली जाते. वस्तुतः पिसांनी झाकलेली निरोगी कोंबडी बेताची थंडी सहज सोसते. तिला उणीव भासते ती प्रकाशाची.

कोंबडीचा मूळ पूर्वज असलेला रानकोंबडा दिवस मोठे होऊ लागले की प्रजननास लागतो. पिलांना भरपूर अन्न मिळण्याचा तोच काळ असतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांनी भर हिवाळ्यात लहान पक्ष्यांना दिव्याचा प्रकाश देऊन त्यांची जननेंद्रिये वाढतात असे दाखवले. पुढे फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग केले. प्रकाशाचा परिणाम केवळ डोळ्यांवाटे होत नाही, तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो, असे त्यांना आढळले. मेंदूच्या तळाचा भाग त्यामुळे उत्तेजित होतो, पीयूषिका ग्रंथी हॉर्मोने स्रवते आणि अंडाशयात बलक वाढू लागतात.

म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांना नैसर्गिक आणि कृत्रिम मिळून रोज १४ ते १६ तास प्रकाश दिला पाहिजे. जादा प्रकाश शक्यतो पहाटे द्यावा. संध्याकाळी दिवा एकदम मालवला तर कोंबड्यांना अंधारात बसण्याची दांडी सापडत नाही. दिल्लीत डिसेंबरात पहाटे साडेतीनला दिवा लावून उजाडेपर्यंत ठेवला, तर १४ तास पूर्ण होतात. १०० चौरस फूट जागेस सुमारे ७ फूट उंचीवर टांगलेला ४० वॉटचा साधा दिवा किंवा पिवळसर प्रकाशाचा ५ वॉटचा एलईडी दिवा पुरतो. कोंबडीच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता यावे, एवढा उजेड असला म्हणजे झाले. साधा दिवा फार तापतो. तो भुसा व गवत यांपासून दूर ठेवावा. काचेवरील धूळ नियमित पुसावी.

येथे दोन नियम कटाक्षाने पाळावेत. पहिला असा, की अंडी देणाऱ्या कोंबडीचा दिवस कधीही कमी होऊ देऊ नये. आज दिवा लावला आणि उद्या विसरला, तर कोंबडी पिसे गाळू लागते आणि अंडी पार थांबतात. अनियमित प्रकाशापेक्षा तो मुळीच न दिलेला बरा. यासाठी आपोआप चालणारे घड्याळी बटण उपयोगी पडते. दुसरा नियम असा, की वाढत्या तलंगांचा दिवस वाढवू नये. त्या अकाली अंड्यावर येतात, अंडी लहान राहतात आणि कधी अंडनलिका बाहेर पडून पक्षी दगावतो. सुमारे अठराव्या आठवड्यानंतर दर आठवड्यास पाव ते अर्धा तास प्रकाश वाढवत जावा.

दिव्याची आठवण डिसेंबरात झाली, तर याच गतीने १४ तासांपर्यंत पोहोचण्यास सात-आठ आठवडे किंवा त्याहूनही अधिक लागतात आणि तोवर हिवाळा सरत येतो. म्हणून तयारी पावसाळ्यात, दिवस आखूड होऊ लागतानाच करावी.

दिवा खाद्याची जागा घेऊ शकत नाही. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा आणि शरीरासाठी प्रथिने दिली नाहीत, तर वाढीव अंडी कोंबडीच्या हाडामांसातून काढली जातात. तसेच रोज आठ तासांचा अंधार हा तिचा विश्रांतीचा काळ आहे. अधिक अंड्यांच्या लोभाने तो हिरावून घेऊ नये.