लावणीची वेळ : तरुण सेवक घडविण्यातील धीर

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये 12:25 ते 13:13, 15:36-40, याकोब 5:7-11, 1 तीमथ्य 3:6, 2 तीमथ्य 4:11

तमिळनाडूत कुंभकोणमच्या पूर्वेस, मायिलाडुतुरैच्या वाटेवर आडुतुरै नावाचे गाव आहे. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा भाताचा मुलूख. येथे 1922 साली भात संशोधन केंद्र सुरू झाले आणि तेथे निपजलेली वाणे आजही 'ए.डी.टी.' या अक्षरांनी ओळखली जातात. नवे वाण एका हंगामात हाती येत नाही. दोन वाणांचा संकर करावा, त्यातून निवड करावी, निवडलेले पुन्हा पेरावे, पुन्हा पारखावे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालते. शेतकऱ्याच्या मुठीत बियाणे पडेपर्यंत बहुधा आठदहा वर्षे लोटतात.

दाण्यासाठी एवढा धीर धरणारा माणूस माणसासाठी मात्र अधीर होतो, असे का व्हावे? आपल्या मंडळ्यांमध्ये एखादा तरुण चांगले बोलतो असे दिसताच त्याच्यावर सगळा भार टाकला जातो. आणि पहिल्याच अपयशानंतर 'हा कामाचा नाही' असा शिक्का मारून त्याला बाजूला सारले जाते. दोन्हींच्या मुळाशी एकच उणीव आहे, ती म्हणजे धीराची. या विषयी शास्त्र काय शिकवते ते पाहू.

1. दोन शब्द

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत धीरासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. 'हुपोमोने' म्हणजे भाराखाली टिकून राहणे. परिस्थिती कठीण असता पाय न काढणे. दुसरा 'माक्रोथुमिया', म्हणजे लांब पल्ल्याचे मन. हा धीर विशेषेकरून माणसांच्या बाबतीत लागतो. जुन्या करारात देव मंदक्रोध आहे असे म्हणताना जो इब्री वाक्प्रचार आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा' असा होतो. राग नाकापर्यंत यायला जेथे वेळ लागतो, तो देव! गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळात गणलेली सहनशीलता ती हीच, माक्रोथुमिया.

याकोब पाचव्या अध्यायात हे दोन्ही शब्द योजतो. पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी माक्रोथुमियाचे क्रियापद आहे, तर ईयोबासाठी हुपोमोने आहे. शेतकऱ्याची वाट पाहणे हे रिकामे बसणे नव्हे. तो बांध घालतो, तण काढतो, पाणी राखतो. मात्र अंकुर ओढून लांब करीत नाही.

2. बर्णबा आणि मार्क

योहान मार्क यरुशलेमेतील सुस्थितीतील घरचा मुलगा. त्याच्या आईच्या घरी मंडळी प्रार्थनेस जमत असे (प्रे. कृ. 12:12). बर्णबा व शौल यांनी त्याला बरोबर घेतले, पण पंफुलियातील पिर्गा येथे तो त्यांना सोडून परतला. का, हे लूक सांगत नाही. पुढे पौलाने त्याला पुन्हा नेण्यास ठाम नकार दिला आणि दोघा थोर सेवकांत तीव्र मतभेद होऊन ते विभागले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला.

येथे पौलाला दोषी ठरविण्याची घाई करू नये. पुढचा प्रवास धोक्याचा होता, आणि अर्ध्यावर परतणारा सोबती इतरांनाही संकटात घालतो. पौलाने कामाकडे पाहिले. बर्णबाने माणसाकडे पाहिले. मंडळीला दोन्ही दृष्टींची गरज असते. परंतु हेही ध्यानात ठेवावे की, यरुशलेमेतील शिष्य शौलाला भीत होते तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता (9:27). ज्याच्यासाठी कोणीतरी धीर धरला होता, त्यालाच दुसऱ्यासाठी धीर धरणे जड गेले!

त्यानंतर अनेक वर्षे मार्काविषयी प्रेषितांची कृत्ये मौन पाळते. मग कलस्सैकरांस पत्रात त्याचे स्वागत करण्याची सूचना येते (4:10), फिलेमोनास पत्रात तो सहकाऱ्यांत गणला जातो, आणि शेवटी बंदिवान पौल तीमथ्याला सांगतो की, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. प्राचीन मंडळीच्या परंपरेप्रमाणे हाच मार्क पेत्राचा दुभाषी झाला आणि शुभवर्तमानाचा लेखक ठरला. मौनाची ती वर्षे वाया गेली नव्हती. जमिनीखाली मूळ धरण्याची ती वर्षे होती.

3. तंजावरचा धडा

आडुतुरैहून फार दूर नसलेल्या तंजावरच्या मराठी राज्यात या शिकवणीचे एक बोलके उदाहरण घडले. ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी 1750 साली तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरला आणि 1778 पासून तंजावरास राहिला. तुळजाजी राजांनी 1787 साली मृत्यूपूर्वी भोसले कुळातील दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ श्वार्ट्झने करावा अशी इच्छा दर्शविली. श्वार्ट्झने राज्यकारभाराचा भार घेतला नाही. राजबंधू अमरसिंग यांच्याकडे कारभार असावा, असे त्याने सुचविले. पण पुढे दत्तविधान अमान्य ठरवून अमरसिंगच गादीवर बसले. मुलगा जवळजवळ कोंडल्यासारखा झाला आणि त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली.

श्वार्ट्झने मुलाची साथ सोडली नाही. त्याच्या संरक्षणासाठी आणि शिक्षणासाठी तो अर्ज-विनंत्या करीत राहिला. 1793 मध्ये सरफोजीला मद्रासेस हलविण्यात आले व तेथे गेरिके या मिशनरीच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. 13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झ मरण पावला. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसला. अकरा वर्षे ज्याच्यासाठी वाट पाहिली, त्याचा राज्याभिषेक गुरूने पाहिला नाही.

हा विजयही निर्भेळ नव्हता. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला व आसपासचा थोडा मुलूख राहिला. पण राज्य गेले तरी घडलेला माणूस राहिला. सरफोजीने सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, देवनागरी छापखाना चालविला, वैद्यकाच्या अभ्यासास आश्रय दिला. तो अखेरपर्यंत आपल्या हिंदू धर्मातच राहिला. तरी श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्याने शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मरणोन्मुख गुरूच्या शय्येजवळ उभा असलेला राजा त्यात दिसतो. घडविणाऱ्याचा धीर फळावर हक्क सांगत नाही, हे त्या दगडात वाचावे.

4. धीर म्हणजे खोळंबा नव्हे

येथे एका धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. 'थांब, तू अजून लहान आहेस' असे म्हणत तरुणांना चाळिशीपर्यंत सतरंज्या उचलायला लावणे हा धीर नव्हे; तो कित्येकदा आपल्या खुर्चीचा मोह असतो. भात लावणारा हे जाणतो. कोवळी रोपे खोल पाण्यात लावली तर ती कुजतात. पण तरवा वाफ्यातच जुना झाला तर त्याला फुटवे कमी येतात. हळव्या वाणाची लावणी साधारण तीन-साडेतीन आठवड्यांनी करतात. तमिळनाडूतही प्रचलित झालेल्या 'श्री' पद्धतीत तर अवघ्या चौदा दिवसांची रोपे लावतात. परंतु तेथे जमीन सपाट केलेली असते, रोपे एकेक, अंतर राखून लावतात आणि पाणी पातळ ठेवतात. म्हणजे लवकर जबाबदारी देता येते, पण शेत तयार करण्याचे कष्ट आधी आपण घ्यावे लागतात.

दूरच्या क्रीडाक्षेत्रातही हेच दिसते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईची सूत्रे हलविणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. 2002 साली डेव्हिड कार या नवोदिताला ह्यूस्टनच्या नव्या संघाने पहिल्याच सामन्यापासून उतरविले. त्याचे रक्षण करणारी फळी कच्ची होती. त्या एका मोसमात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला 76 वेळा चेंडूसह पाडले. उलट, 2005 साली ग्रीन बे संघात आलेला ॲरन रॉजर्स तीन मोसम ज्येष्ठ खेळाडूच्या मागे राहून शिकला, 2008 मध्ये मुख्य झाला आणि फेब्रुवारी 2011 मध्ये संघाने अजिंक्यपद मिळविले. दोघांच्या गुणांत भेद असेल. परंतु एकाभोवती कुंपण नव्हते आणि दुसऱ्याला वाढीस अवकाश मिळाला, हे नाकारता येत नाही.

पौल तीमथ्याला सांगतो की अध्यक्ष नवशिका नसावा. तेथील 'नेओफुतोस' या शब्दाचा मूळ अर्थ 'नुकताच लावलेला' असा आहे. 128 व्या स्तोत्रातील जैतुनाच्या रोपांसाठी ग्रीक जुन्या करारात हाच शब्द आहे. नवे रोप निरुपयोगी नसते. ते घराची आशा असते. म्हणूनच जो प्रेषित घाईने कोणावर हात ठेवू नको म्हणतो (5:22), तोच त्याच पत्रात तुझे तारुण्य कोणी तुच्छ मानू नये असेही म्हणतो (4:12).

5. आचरणासाठी

पहिली गोष्ट, तरुणाला काम देण्याआधी सोबती द्यावा. दुसरी, जबाबदारी पायरीपायरीने वाढवावी : आधी शास्त्रवाचन, मग प्रार्थनासभा, मग उपदेश. तिसरी, चूक झाल्यास ती एकांतात दाखवावी आणि पुढची संधी मात्र सर्वांसमक्ष द्यावी. चौथी, त्याची तुलना आपल्या तरुणपणाशी करू नये. आणि पाचवी, जे आपल्या हयातीत दिसणार नाही त्यासाठीही प्रार्थना करीत राहावे.

देवाने आपणा प्रत्येकाच्या बाबतीत किती हंगाम वाट पाहिली आहे, याची आठवण ज्याला आहे, त्याला दुसऱ्यासाठी आणखी एक हंगाम थांबणे जड जाणार नाही.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत कोणी 'मार्क' परतलेला आहे काय? त्याच्याकडे कोण जाईल?
2. आपण ज्याला धीर म्हणतो, तो खरोखर धीर आहे की अधिकार सोडण्याची अनिच्छा?
3. तुमच्यासाठी बर्णबा कोण झाले? त्यांचे ऋण तुम्ही कोणाच्या ठायी फेडत आहात?