‘मॅडम’ शब्दाची कुळकथा

मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. दुपारच्या सुट्टीनंतर मी सातवीचा तास घेत होतो. इतक्यात दारापाशी बसलेला एक चुणचुणीत मुलगा उठून म्हणाला, “सर, मॅडम आल्या आहेत, आणि पाणीवाली बाईही आली आहे.”

आमच्या एक शिक्षिका सहीसाठी कागद घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मागे, डोक्यावर घागर घेऊन, शाळेतील माठ भरणारी वृद्ध स्त्री उभी होती. मुलाच्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. तरी ते माझ्या मनात घोळत राहिले. एकीच्या वाट्याला ‘मॅडम’ आणि ‘आल्या’, दुसरीच्या वाट्याला ‘बाई’ आणि ‘आली’! असे का व्हावे? मी ठरलेला धडा बाजूला ठेवला, फळ्यावर ‘मॅडम’ हा शब्द लिहिला आणि त्याची कुळकथा मुलांना सांगितली. तीच येथे सांगतो.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशावर रोमन लोकांचे राज्य होते. त्यांची भाषा लॅटिन. या भाषेत घराला ‘दोमुस’ म्हणत, घराच्या धन्याला ‘दोमिनुस’ आणि धनिणीला ‘दोमिना’. हे शब्द आपल्याला अगदीच परके नाहीत. संस्कृतातही ‘दम’ या शब्दाचा एक प्राचीन अर्थ ‘घर’ असाच आहे. ऋग्वेदात ‘दम्पति’ हा शब्द ‘घराचा स्वामी’ या अर्थाने आला आहे. पुढे तो पती आणि पत्नी या दोघांना मिळून लावला जाऊ लागला. संस्कृत आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातील असल्यामुळे त्यांच्यात असे साम्य आढळते.

रोममधील श्रीमंताचे घर म्हणजे केवळ आईबाप आणि मुले नव्हेत. त्या घरात विकत घेतलेले गुलाम राबत. ते आपल्या मालकिणीला ‘दोमिना’ म्हणत. त्या हाकेत आदर होता, तसे भयही होते. म्हणूनच सम्राट ऑगस्टस याला कोणी ‘दोमिनुस’ म्हटलेले खपत नसे. आपण स्वतंत्र नागरिकांचे प्रमुख आहोत, गुलामांचे धनी नव्हे, असे दाखविण्याची त्याला काळजी असे. पाहा, एका शब्दाच्या पोटात धनी आणि गुलाम यांचे सारे जग कसे सामावले होते!

रोमन सैनिक आणि व्यापारी जिकडे गेले तिकडे त्यांची भाषा गेली. इ. स. 476 मध्ये पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयास गेले, पण लोकांच्या तोंडची लॅटिन मागे राहिली. ती निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रीतीने बदलत गेली आणि तिच्यातून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन अशा भाषा जन्मास आल्या. बोलताना ‘दोमिना’ मधील मधला इकार गळाला आणि ‘दोम्ना’ असे रूप झाले. रुमानियन भाषेने ते जवळजवळ तसेच जपले; तेथे स्त्रीला आदराने ‘दोआम्ना’ म्हणतात. इटालियन भाषेत ‘म्न’ चा ‘न्न’ झाला आणि ‘दोन्ना’ शब्द बनला. संस्कृत ‘सप्त’ चे प्राकृतात ‘सत्त’ झाले, त्यातलाच हा प्रकार. स्पॅनिशमध्ये ‘दोन्या’, पोर्तुगीजमध्ये ‘दोना’ आणि फ्रेंचमध्ये ‘दाम’ अशी रूपे झाली.

उच्चार बदलले, तसे अर्थही बदलले. इटलीत ‘दोन्ना’ म्हणजे कोणतीही स्त्री. एके काळी जो मान केवळ घरच्या धनिणीचा होता, तो शेतात राबणाऱ्या स्त्रीलाही लाभला. केवढे हे स्थित्यंतर! मग विशेष आदर दाखविण्यासाठी ‘माझी’ या अर्थाचा शब्द आधी जोडून ‘मादोन्ना’ म्हणू लागले. येशू ख्रिस्ताची माता मेरी हिलाही याच नावाने संबोधिले जाते. पुढे बोलण्याच्या ओघात ‘मादोन्ना’ चे ‘मोना’ झाले. लिओनार्दो दा विंची या थोर चित्रकाराचे ‘मोना लिसा’ हे चित्र तुम्ही पाहिले असेल. त्यातील ‘मोना’ हे त्या स्त्रीचे नाव नव्हेच! ती फ्लॉरेन्स नगरातील एका व्यापाऱ्याची पत्नी लिसा. आपल्याकडे तिला ‘लिसाबाई’ म्हटले असते.

फ्रान्समध्येही हीच रीत पडली. ‘मा’ म्हणजे माझी. ‘मा दाम’ चे ‘मादाम’ झाले. पॅरिस येथील नोत्र-दाम या प्रसिद्ध चर्चच्या नावाचा अर्थ ‘आमची स्वामिनी’ असा आहे. तेथे ती स्वामिनी म्हणजे मेरी. परंतु समाजात ‘मादाम’ हा मान पुष्कळ काळ वरच्या थरातील स्त्रियांकडेच राहिला. 1789 साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. त्यानंतर काही वर्षे क्रांतिकारकांनी ‘मादाम’ ऐवजी सर्व स्त्रियांना ‘नागरिक’ या अर्थाच्या एकाच शब्दाने संबोधण्याचा आग्रह धरला. मानापमानाचे भेद मोडायचे तर शब्दांपासून आरंभ केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

‘दोमिना’ पासूनच ‘लहान स्वामिनी’ या अर्थाचा आणखी एक शब्द झाला होता. फ्रेंचमध्ये त्याचे रूप ‘मादम्वाझेल’. आरंभी तो कुलीन कन्येला लावीत. पुढे अविवाहित स्त्रीला लावू लागले. पुरुष विवाहित असो वा नसो, त्याला एकच शब्द. स्त्रीला मात्र दोन! हा भेद अनेकांना अन्यायाचा वाटला. अखेर 2012 साली फ्रेंच सरकारने आपल्या कागदपत्रांतून ‘मादम्वाझेल’ काढून टाकण्याची आज्ञा दिली.

1066 साली फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्याबरोबर अनेक फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. ‘दाम’ चा उच्चार ‘डेम’ झाला. 1917 पासून ब्रिटनमध्ये कर्तृत्ववान स्त्रियांना हे बिरुद दिले जाते. परंतु अमेरिकेतील बोलीत हाच शब्द स्त्रीला हलकेपणाने उद्देशून वापरला गेला. एकाच शब्दाला एका देशात मान, दुसऱ्या देशात अवमान! ‘मादाम’ चे इंग्रजीत ‘मॅडम’ आणि आणखी आखडून ‘मॅम’ झाले.

इंग्रजांबरोबर तो शब्द भारतात आला. ‘मॅम’ ला ‘साहेब’ जोडून ‘मेमसाहेब’ बनले. मराठी माणसाने गोऱ्या साहेबाच्या बायकोला ‘मडम’ म्हटले. त्याच घराण्यातील दुसरा शब्द त्यापूर्वीच पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरला होता. पणजीजवळील ‘दोना पावला’ या ठिकाणाच्या नावातील ‘दोना’ म्हणजे आपली ‘दोमिना’ च होय.

तास संपत आला, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, मग आपल्या ‘बाई’ शब्दाचे काय?”

तिने नेमका प्रश्न विचारला होता. अहिल्याबाई होळकर, झाशीच्या लक्ष्मीबाई, सावित्रीबाई फुले यांच्या नावांत हाच शब्द अभिमानाने नांदतो. शाळेतील शिक्षिकांनाही मुले आदराने ‘बाई’ च म्हणत. मग पाणी आणणाऱ्या स्त्रीला लावताच तो लहान का व्हावा? शब्द आपण होऊन लहान होत नाही. बोलणाऱ्याचे मन ज्याला लहान मानते, त्याला लावलेला शब्दही लहान होतो. त्या मुलाला मी दोष दिला नाही. मीही कित्येक वर्षे त्या वृद्ध स्त्रीला ‘ए बाई’ अशीच हाक मारीत आलो होतो, हे मी वर्गापुढे कबूल केले. रोममध्ये धनिणीचा असलेला मान इटलीत साऱ्या स्त्रियांचा होण्यास शतके लागली. ‘आली’ चे ‘आल्या’ करावयास आपल्याला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मुलगा दारापाशी उठून उभा राहिला. “सर,” तो जरा अडखळत म्हणाला, “बाई आल्या आहेत, पाणी घेऊन.”

शब्दार्थ
कुळकथा – घराण्याची हकीकत. स्थित्यंतर – स्थितीत पडलेला बदल. बिरुद – सन्मानाची पदवी. कुलीन – चांगल्या घराण्यातील.

अभ्यास
1. सम्राट ऑगस्टस याला ‘दोमिनुस’ हे संबोधन का आवडत नसे?
2. ‘मोना लिसा’ या नावाचा अर्थ स्पष्ट करा.
3. ‘दोमिना’ पासून झालेली निरनिराळ्या भाषांतील रूपे क्रमाने लिहा.
4. “शब्द आपण होऊन लहान होत नाही.” या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत सांगा.
5. तुमच्या घरी व शाळेत निरनिराळ्या व्यक्तींना कोणते संबोधन व कोणते क्रियापद वापरले जाते, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.