गाजर गवत आणि अंगाची खाज



पाऊस पडला की बांधावर, चारीच्या कडेला, पडीक तुकड्यात गाजर गवत माजते. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. ते पिकाचे खत-पाणी खाते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यामुळे कातडीचा चिवट आजार होतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. ते पुण्यात आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. पुढे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहावर १९७४ साली शोधनिबंध लिहिला. या आजाराची तपासणी सोपी असते. गवताचा अर्क पट्टीवर घेऊन पाठीला चिकटवतात व दोन दिवसांनी पट्टी काढून पाहतात. तिथे कातडी लाल होऊन सुजली, तर दोष गवताचा.

यातले मुख्य द्रव्य म्हणजे पार्थेनिन. सुरुवातीला काहीच होत नाही. पुष्कळ दिवस संपर्क आला की काहींच्या शरीराला ते सोसेनासे होते, आणि मग थोडेसेही पुरते. वाळक्या झाडाची भुकटी वाऱ्याने उडते, म्हणून हात न लावताही त्रास होतो. पापण्या, मान, कोपराची व गुडघ्यामागची घडी इथे खाज येते, कातडी जाड व काळपट पडते. उन्हात त्रास वाढतो.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरात कोणाचे ताट-अंथरूण वेगळे करू नका. नायटा समजून दुकानातून मलम आणू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. लावले की बरे वाटते, सोडले की खाज उसळते, आणि फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते. जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा.

शेतात एवढे करा :

१. फुलोरा येण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या व तोंडाला फडके हवे.

२. ज्याला खाज आहे, त्याला या कामाला लावू नका. खुरपणीच्या बायांनाही आधी विचारा.

३. काम झाल्यावर आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा.

४. फुले न आलेले गवत कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

५. पावसाळ्यात याची पाने खाणारे पट्टेदार मेक्सिकन भुंगे दिसले तर मारू नका. ते १९८० नंतरच्या दशकात याच कामासाठी भारतात आणले गेले.

एका झाडाला हजारो बिया येतात, आणि वाऱ्या-पाण्याबरोबर त्या शेजारच्या रानात जातात. एकट्याने बांध साफ करून भागत नाही. एका चारीवरच्या सर्व सभासदांनी एकच आठवडा ठरवून हे काम उरकावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी