पट्टी सुटू नये, रक्तही अडू नये

वार्षिक अहवालात खाटा, शस्त्रक्रिया व जमाखर्च यांचे आकडे असतात. त्या आकड्यांत न दिसणारी आमची एक चूक येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. पायाच्या जखमेवर उपचार घेतलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांना घरी पाठविताना ‘पट्टी सुटू देऊ नका’, एवढेच आम्ही सांगितले. त्यांच्या सुनेने ती सूचना निष्ठेने पाळली. पट्टी सैल वाटताच तिने वरून चिकटपट्टीचा घट्ट वेढा दिला. दोन दिवसांनी ते परत आले, तेव्हा करंगळी काळी पडली होती. ती वाचविता आली नाही. दोष त्या माउलीचा नव्हता, अपुरी सूचना देणाऱ्या आमचा होता.

मधुमेह, धूम्रपान व वार्धक्य यांमुळे पायाच्या धमन्या अरुंद होतात. अशा पायात रक्त मुळातच कमी दाबाने पोहोचते. घट्ट वेढा तेही अडवितो. मधुमेहाने संवेदना बोथट झालेल्या रुग्णास पट्टी आवळल्याचे कळतही नाही. याउलट, नीलांच्या विकारातून होणाऱ्या व्रणावर दाबपट्टी हाच मुख्य उपचार आहे. म्हणून दाबपट्टी बांधण्यापूर्वी डॉपलर यंत्राने घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ हून कमी असल्यास धमन्यांचा विकार संभवतो, ०.५ हून कमी असल्यास तो गंभीर समजतात व दाबपट्टी वर्ज्य ठरते. मधुमेहात धमन्या कठीण झाल्यास हा आकडा फसवा, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त येतो. यास्तव निर्णय डॉक्टरांचाच असावा.

रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाची पट्टी घरी बदलताना पुढील गोष्टी कृपया ध्यानी ठेवाव्यात :

१. जखमेवर डॉक्टरांनी सांगितलेले न चिकटणारे ड्रेसिंग ठेवावे. नडगी व घोट्याच्या हाडावर कापसाची मऊ घडी द्यावी.

२. साधे गॉजचे रोलर बँडेज बोटांच्या मुळापासून वर, न ताणता, सुरकुती न पाडता गुंडाळावे. ताणणारे क्रेप बँडेज स्वतःहून वापरू नये.

३. चिकटपट्टी त्वचेवर लावू नये; नाजूक त्वचा तिच्यासह सोलून निघते. ती बँडेजवरच लहान तुकड्यात लावावी, पायाभोवती पूर्ण फिरवू नये. रबर, दोरी वा साडीची चिंधी कदापि बांधू नये. पट्टी घसरत असल्यास वरून सैलसर जाळीदार नळीबँडेज चढवावे.

४. पायाची बोटे उघडी ठेवावीत. पट्टीपूर्वी व नंतर अर्ध्या तासाने त्यांचा रंग व ऊब पाहावी.

५. बोटे पांढरी, निळसर वा गार पडल्यास, बधिरता किंवा वेदना वाढल्यास पट्टी त्वरित सोडावी व रुग्णालयात यावे.

आता रुग्णास घरी सोडण्यापूर्वी नातेवाईकाने परिचारिकेसमोर स्वहस्ते पट्टी बांधून दाखवावी, असा नियम आम्ही केला आहे. यास वेळ लागतो, साहित्य खर्ची पडते. दात्यांच्या देणगीतील हा खर्च आम्हांस सार्थ वाटतो. पट्टीविषयी शंका आल्यास कोणीही संकोच न करता यावे. तपासून घेण्यास शुल्क नाही.